कॉन्व्हेंट हायस्कूलमध्ये मूल घालताना: कोल्हापुरातल्या नवख्या पालकांसाठी

मार्च-एप्रिल आला की ओळखीतले, ओळखीच्यांच्या ओळखीतले पालक विचारायला लागतात. कुणी कागलहून शहरात राहायला आलेलं असतं, कुणाची बदली होऊन नागाळा पार्कात घर घेतलेलं असतं, कुणाच्या घरातली पहिलीच पोर इंग्रजी माध्यमात जाणार असते. माझी दोन्ही मुलं अशाच शाळेतून दहावी झाली आणि पालक-शिक्षक संघाचं कामही मी केलं, म्हणून जे सांगते ते एकदा सलग लिहून ठेवते.

बहुतेक पालक दोनच गोष्टी बघून येतात: इंग्रजी आणि दहावीचा निकाल. पण या शाळा उभ्या आहेत त्या पूर्ण दिवसाच्या शिक्षणावर. सकाळची असेंब्ली, वर्ग, मैदान आणि हाऊस (स्पर्धांसाठी पाडलेले मुलांचे गट) हे सगळं मिळून तिथलं शिक्षण होतं. त्यातलं निम्मं सोडून दिलं, तर पुढच्या चार-पाच वर्षांत मुलाच्या हाती निम्मंच लागतं.

आधी शाळा ओळखून घ्या

कोल्हापुरात जुनी माणसं ख्रिस्ती संस्थेची कुठलीही शाळा असली की ‘मिशनची शाळा’ म्हणतात. १८५२ मध्ये रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी कोल्हापुरात आले, त्यांच्या नावाचं चर्च आजही शहरात आहे. ती परंपरा प्रोटेस्टंट. कॅथलिक शाळा वेगळ्या. त्या फादर किंवा सिस्टर यांच्या संघांकडून चालतात. होली क्रॉस, सेंट झेवियर्स ही नावं इथल्या रिक्षावाल्या मामांनाही पाठ आहेत. मुख्याध्यापक बहुधा फादर किंवा सिस्टर असतात आणि त्यांची बदली त्यांचा संघ करतो, कधी दुसऱ्या जिल्ह्यात तर कधी दुसऱ्या राज्यात. त्यामुळे एका प्रिन्सिपलनी तोंडी दिलेला शब्द पुढच्यांना ठाऊक असेलच असं नाही. महत्त्वाचं काही ठरलं तर अर्ज लिहून द्या आणि पोच घ्या. रोजच्या अडचणींसाठी तुमचा खरा आधार म्हणजे वर्गशिक्षिका.

या शाळा अल्पसंख्याक संस्था आहेत. राज्यघटनेच्या कलम ३० नुसार आपली शिक्षणसंस्था चालवण्याचा त्यांना हक्क आहे आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या प्रमती खटल्यातल्या निकालानंतर शिक्षणहक्क कायद्यातल्या (आरटीई) २५ टक्के जागांची तरतूद त्यांना लागू होत नाही. म्हणून आरटीईच्या लॉटरीत कॉन्व्हेंटचं नाव येईल म्हणून थांबून राहू नका. फॉर्म शाळेतूनच घ्यायचा, तारीख शाळेच्या फलकावरच बघायची. मधला कुणी ‘सीट करून देतो’ म्हणाला तर त्याला एक रुपयाही देऊ नका. महाराष्ट्रात प्रवेशासाठी देणगी घेण्यावर १९८७ पासून कायद्यानं बंदी आहे.

दोन प्रश्न पहिल्याच भेटीत विचारा. मंडळ (बोर्ड) कोणतं? आणि शाळा फक्त मुलांची, फक्त मुलींची की दोघांची, शिवाय पाचवी-आठवीला त्यात काही बदल होतो का? पुढचं सगळं मी राज्य मंडळाच्या हिशेबानं लिहिते आहे.

दाखला हातात आला की तिथंच वाचा

कागद नेहमीचेच: आधीच्या शाळेचा दाखला, जन्मदाखला, आधार, मागच्या वर्षाचं प्रगतिपत्रक, असल्यास जातीचा दाखला. परराज्यातून येत असाल तर तिथल्या दाखल्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी घेऊन या.

पण मला थांबून सांगायचंय ते वेगळं. दाखला हातात आला की खिडकीपासून हलायच्या आत ओळ न् ओळ वाचा. मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, आईचं नाव, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, जन्मगाव तालुका-जिल्ह्यासह, जात-पोटजात. इंग्रजी माध्यमात नावाचं स्पेलिंग आणखी एक भर घालतं. आधारवर ‘ओ ओ’ आणि शाळेत ‘यू’ असेल तर दहावीच्या बोर्डाच्या फॉर्मपर्यंत ते तसंच चालत जातं. जात पडताळणीच्या वेळी शाळेच्या जनरल रजिस्टरमधली नोंद पुरावा म्हणून बघतात. मूल शाळेत असेपर्यंत दुरुस्ती शाळेमार्फत होऊ शकते, शाळा सोडल्यावर तीच दुरुस्ती फार जड जाते. म्हणून प्रवेश झाल्यावर पहिल्याच महिन्यात ऑफिसमध्ये जाऊन रजिस्टरमधली नोंद बघण्याची विनंती करा. क्लार्क मंडळी दुपारच्या सुट्टीनंतर जरा मोकळी असतात.

फीबद्दल थोडक्यात. २०११ च्या शुल्क नियमन कायद्यानुसार दर वर्षी पालक-शिक्षक संघ स्थापन व्हायला हवा आणि त्याच्या कार्यकारी समितीतले पालक चिठ्ठ्या काढून निवडायचे असतात. फीवाढीचा प्रस्ताव या समितीपुढे येतो. सभेची नोटीस आली की जा आणि आपलं नाव चिठ्ठीत टाका. रिकाम्या खुर्च्यांपुढे झालेल्या सभेनंतर फीवर कितीही बोललं तरी उपयोग होत नाही.

प्रार्थना आणि घरातली काळजी

हा प्रश्न लोक हळू आवाजात विचारतात, म्हणून मी सरळ लिहिते.

सकाळी पहिली घंटा झाली की मुलं उंचीप्रमाणे रांगेत उभी राहतात. मॉनिटर रांगेतून फिरून बूट, नखं, बॅज बघतो. मग प्रार्थना. ती कधी ‘अवर फादर’ असते, कधी सगळ्या धर्मांना चालेल अशी. त्यानंतर प्रतिज्ञा, बातम्या, एका वर्गाचा पाच मिनिटांचा छोटा कार्यक्रम, राष्ट्रगीत. आठवड्यातून एक-दोन तास मूल्यशिक्षणाचा असतो, त्याला अजून बरेच जण ‘मॉरल सायन्स’च म्हणतात. कॅथलिक मुलांसाठी धर्मशिक्षणाचा वर्ग वेगळा, त्याला कॅटेकिझम म्हणतात. त्या वेळी बाकीची मुलं मूल्यशिक्षणाला बसतात.

घटनेचं कलम २८(३) याबाबत स्पष्ट आहे. सरकारमान्य किंवा सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत कुणालाही त्याच्या संमतीशिवाय, आणि वयानं लहान असेल तर पालकांच्या संमतीशिवाय, धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. मनात शंका असेल तर प्रिन्सिपलना भेटून तसं सांगा. शांतपणे विचारलेल्या प्रश्नाला या शाळांमध्ये नीट उत्तर मिळतं, हा माझा अनुभव आहे. वर्गात हिंदू, मुस्लिम, जैन, लिंगायत, ख्रिस्ती सगळी मुलं एकत्र डबा खातात आणि नाताळात गव्हाणीचा देखावा करायला सगळीच हौसेनं गवत आणतात. याच गावात शाहू महाराजांनी वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी केली. असं एकत्र शिकणं आपल्याला परकं नाही.

सुट्ट्यांचं गणित मात्र आधीच समजून घ्या. बऱ्याच कॅथलिक शाळांत दिवाळीची सुट्टी थोडी आखडती असते आणि नाताळची लांब. गुड फ्रायडेला सुट्टी. शाळेला नाव दिलेल्या संताचा सण शाळा साजरा करते. फ्रान्सिस झेवियर यांचा सण ३ डिसेंबरला येतो. जोतिबाची यात्रा, त्र्यंबोलीची यात्रा या दिवशी शाळा आहे की नाही ते कॅलेंडरमध्ये बघून मगच गावाकडचं ठरवा.

पहिला पावसाळा

शाळा जूनच्या मध्याला सुरू होते आणि लगेच पाऊस. जुलै-ऑगस्टात पंचगंगा चढली की राजाराम बंधाऱ्याची पातळी हा घराघरातला विषय होतो: ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. शहरात पाणी नसलं तरी चिखली, आंबेवाडी, शिये भागातून येणाऱ्या मुलांचे रस्ते आधी बंद होतात. अशा भागात राहत असाल तर ही गोष्ट वर्गशिक्षिकेला जूनमध्येच सांगून ठेवा. सुट्टीचा निर्णय जिल्हाधिकारी किंवा शाळा जाहीर करते, व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या मेसेजवर जाऊ नका. दप्तरात एक जादा मोज्यांचा जोड प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. बाकी गणवेश, वह्या, रिक्षा यांचं सगळं वर्गातल्या एखाद्या जुन्या पालकाला विचारलं की अर्ध्या तासात समजतं.

डायरीचं मात्र मनावर घ्या. कॉन्व्हेंटमध्ये डायरी म्हणजे शाळा आणि घर यांच्यातला अधिकृत पत्रव्यवहार. उशीर, गैरहजेरी, न झालेला गृहपाठ, केस वाढले, सगळं त्यात येतं. रोज रात्री जेवणानंतर पान उघडायचं, वाचायचं, सही करायची. गैरहजेरीची चिठ्ठी मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिली तरी चालते, मराठीत लिहिली तरी चालते, पण लिहायलाच हवी.

अभ्यास: मराठी पुस्तक कपाटात टाकू नका

पाचवीला किंवा आठवीला मराठी माध्यमातून इंग्रजी माध्यमात येणाऱ्या मुलाचे पहिले सहा महिने कठीण जातात. ते हुशारीचं मोजमाप नाही. लसावि-मसावि ज्याला तोंडपाठ आहे तोच मुलगा एलसीएम-एचसीएफ ऐकून गप्प बसतो. इथं राज्य मंडळाच्या शाळेचा एक मोठा फायदा आहे. बालभारतीची गणित, विज्ञान, इतिहास, भूगोलाची पुस्तकं दोन्ही माध्यमांत तीच असतात: धडा तोच, आकृती तीच, उदाहरणांचा क्रमही तोच. ई-बालभारतीवर ती फुकट उतरवून घेता येतात. दोन्ही पुस्तकं शेजारी उघडून ठेवायची. आधी मराठीतून धडा समजून घ्यायचा, मग इंग्रजीतून वाचायचा, आणि नवे शब्द एका छोट्या वहीत समोरासमोर लिहायचे. या कामाला कुठलाही क्लास लागत नाही.

शाळेच्या आवारात इंग्रजीतच बोला असा नियम बहुतेक ठिकाणी असतो. तो शाळेपुरता राहू द्या. घरी आजी-आजोबांशी, आईशी मूल मराठीतच बोलू दे. घरी मोडकं इंग्रजी बोलून त्याचं इंग्रजी सुधारत नाही, वाचून सुधारतं. शाळेच्या ग्रंथालयातून दर आठवड्याला एक पुस्तक घरी येतंय ना, एवढं बघा. आणि मराठी विषयाला हलकं समजू नका. राज्यात २०२० च्या कायद्यानं सगळ्या शाळांत मराठी सक्तीची आहे, आणि अक्षरभारतीच्या, म्हणजे दहावीच्या मराठीच्या पेपरात इंग्रजी माध्यमाची घरात अस्खलित मराठी बोलणारी मुलं फक्त शुद्धलेखन आणि निबंधासाठी गुण घालवतात. रोज एक परिच्छेद उतरवून काढला तरी दोन-तीन महिन्यांत फरक दिसतो.

दहावीची रचना आठवीतच समजून घ्या. सहा विषय, ६०० गुण. तीन भाषांना लेखी ८० आणि तोंडी-अंतर्गत २०. गणिताचे ४० गुणांचे दोन पेपर आणि २० अंतर्गत. विज्ञानाचे तसेच दोन पेपर आणि २० प्रात्यक्षिकाचे. समाजशास्त्रात इतिहास-राज्यशास्त्र ४०, भूगोल ४० आणि २० अंतर्गत. म्हणजे ६०० पैकी १२० गुण शाळेत, तुमच्याच शिक्षकांसमोर मिळतात: वेळेवर पूर्ण केलेली जर्नल, गृहपाठ, तोंडी परीक्षा, प्रयोग. टक्केवारी मात्र चांगल्या पाच विषयांची धरतात. क्लासमध्ये पाच-पाच तास बसून शाळेची वही अर्धवट ठेवणाऱ्या मुलाचं नुकसान इथंच होतं.

शिष्यवृत्ती परीक्षा २०२५-२६ पर्यंत पाचवी आणि आठवीला होती, आता ती चौथी आणि सातवीला असते. कोल्हापूर जिल्ह्यात तिचं वेड मोठं आहे. शाळा फॉर्म भरून घेते का हे जुलैतच विचारा. इंग्रजी माध्यमाच्या शाळांत ते कधीकधी पालकांनी आठवण करून द्यावं लागतं.

मैदान

आता ज्यासाठी मी हे लिहायला घेतलं ते.

कोल्हापूर हे खेळणारं गाव आहे. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा अशा तालमींचे फुटबॉल सामने शाहू स्टेडियमवर असले की पेठा ओस पडतात. इथलाच अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण आणलं आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्य. अशा गावात कॉन्व्हेंट शाळांना मैदान आहे, पीटीचे सर आहेत, आंतरशालेय संघ आहेत, आणि तरी नववीत पालकच मुलाला मैदानावरून उचलून क्लासला बसवतात. हे मला मनापासून खटकतं. जे मूल आठवीपर्यंत रोज तासभर धावलं, त्याला एकदम बारा तास बसवलं तर ते जास्त वाचत नाही, पुस्तकापुढे डुलक्या घेतं.

संघात जायचं कसं? निवड चाचणी शाळा उघडल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच होते, कारण सुब्रोतो चषकाचे सामने भर पावसाळ्यात असतात. हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख सुब्रोतो मुखर्जी यांच्या नावानं १९६० पासून ही शालेय फुटबॉल स्पर्धा चालते. सतरा वर्षांखालील गटात मुलींचे संघही असतात, म्हणून मुलींच्या पालकांनी मागं राहू नये. पाठोपाठ शासनाच्या शालेय क्रीडा स्पर्धा येतात: १४, १७ आणि १९ वर्षांखालील गट, तालुका किंवा महापालिका पातळीवरून जिल्हा, विभाग, राज्य असा प्रवास. पीटीच्या सरांना जूनमध्येच भेटा. जन्मदाखला, आधार आणि फोटोंच्या प्रती त्यांच्या फाइलमध्ये द्या. एका कागदासाठी ऐन वेळी नाव कटलेली मुलं मी पाहिली आहेत.

मूल नवीन असेल तर पहिल्या वर्षी संघात नाव येईलच असं नाही. तरी सरावाला पाठवा. संध्याकाळी साडेपाचला पीटीचे सर फक्कीनं रेषा मारत असतात, मोठी मुलं जाळी बांधत असतात, आणि नवीन पोरगं कडेला उभं असतं. त्या वेळी सर त्याच्या हातात फक्कीचं घमेलं देतात आणि रेषेवर चालायला लावतात. मूल शाळेचं होतं ते अशा वेळी. बूट महागाचे नकोत. पावसाळ्यात मैदानावर चिखल असतो, रबरी खुंट्यांचे साधे स्टड चालतात. सराव संपल्यावर केळं किंवा शेंगदाण्याचा लाडू आणि कोरडा टॉवेल, एवढं पुरे.

शाळेत नसलेला खेळ हवा असेल तर शहरात सोय आहे. इथल्याच संभाजीनगर भागातलं विभागीय क्रीडा संकुल, पोहायला अंबाई टँक, हॉकीला मेजर ध्यानचंद स्टेडियम. बाहेर शिकलं तरी शालेय स्पर्धेत प्रवेश शाळेच्या नावानंच होतो, म्हणून शाळेला कळवलेलं असावं.

गुणांचंही बोलू. खेळात ठरावीक पातळीपर्यंत पोहोचलेल्या विद्यार्थ्यांना दहावीत कमाल २५ पर्यंत सवलतीचे गुण मिळतात. प्रस्ताव शाळेमार्फत जिल्हा क्रीडा कार्यालयाकडे जातो. चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा दिली असेल तर अ श्रेणीला ७, ब ला ५, क ला ३ गुण. त्याआधी एलिमेंटरी द्यावी लागते, म्हणून सातवी-आठवीपासून सुरुवात करा. नियम आणि तारखा दर वर्षी शाळेत तपासून घ्या. पण नुसत्या या गुणांसाठी मूल मैदानावर पाठवलं तर ते दोन महिन्यांत कंटाळतं.

हाऊस, गॅदरिंग, कौन्सिल

प्रवेश झाला की मुलाला एक हाऊस मिळतं. बहुधा लाल, निळं, हिरवं, पिवळं, किंवा एखाद्या संताच्या नावाचं. वक्तृत्व, गायन, सायन्स प्रदर्शन, स्पोर्ट्स डे, सगळ्याचे गुण हाऊसला जमा होतात. स्पोर्ट्स डेच्या मार्च पास्टचा सराव आठवडे-आठवडे चालतो आणि त्यात हुशार, मठ्ठ, श्रीमंत, गरीब असं काही उरत नाही, पाऊल जुळलं पाहिजे एवढंच. लाजाळू मुलाला सुरुवात करायला हीच जागा उत्तम. वक्तृत्वात मराठी गट असेल तर आधी त्यात नाव द्या. आवाज एकदा मोकळा झाला की इंग्रजीत बोलायची भीती आपोआप कमी होते.

आठवी-नववीत एनसीसी, स्काउट-गाइड किंवा आरएसपी (रस्ता सुरक्षा दल) यातलं शाळेत जे असेल त्यातलं एक घ्यायला लावा. कौन्सिलमध्ये हेड बॉय, हेड गर्ल, हाऊस कॅप्टन असतात. काही शाळा मतदान घेतात, काही शिक्षक निवडतात. मुलाची निवड झाली नाही तर शाळेत भांडायला जाऊ नका. गॅदरिंगला पोशाख भाड्यानं मिळतात, शिवून घ्यायची गरज नसते.

मुलाला काही खुपत असेल, कुणी चिडवत असेल, शिक्षकांकडून काही चुकीचं झालं असेल तर पायऱ्या पाळा: आधी वर्गशिक्षिका, मग सुपरवायझर, मग फादर किंवा सिस्टर. गंभीर काही असेल तर मात्र थेट प्रिन्सिपलकडे, लेखी अर्ज घेऊन, त्याच दिवशी. पालकांच्या ग्रुपवर आधी लिहू नका. तिथं चर्चा झाली की तुमच्या मुलाचं नाव सगळ्या शाळेत होतं.

दहावीचं वर्ष आणि शाळेतून निघताना

बोर्डाचे फॉर्म दिवाळीच्या आसपास शाळेतूनच भरले जातात. त्याची प्रिंट सहीसाठी घरी येते तेव्हा नाव आणि विषय पुन्हा एकदा तपासा. आपल्याकडे कोल्हापूर विभागीय मंडळ आहे, कोल्हापूर, सांगली, सातारा जिल्ह्यांसाठी, त्यामुळे गुणपत्रिकेतल्या दुरुस्तीसाठी पुण्याला जावं लागत नाही. परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये. डिसेंबरपर्यंत आठवड्यातून दोन-तीन संध्याकाळी मैदान चालू ठेवा, जानेवारीत पूर्वपरीक्षेपासून कमी करा, पण पूर्ण बंद नको. सकाळी रंकाळ्यावर अर्धा तास चालणंसुद्धा चालेल.

अकरावीला बहुतेक मुलं शाळा बदलतात, विवेकानंद, न्यू कॉलेज, राजाराम, गोखले, कमला इकडे जातात. प्रवेश ऑनलाइन, पसंतीक्रम देऊन होतो. फॉर्म भरताना धावपळ नको म्हणून निकालाच्या आधीच एक फाइल करा: शाळेतून मिळालेली खेळाची, चित्रकलेची, शिष्यवृत्तीची मूळ प्रमाणपत्रं, जातीचा दाखला, आणि प्रत्येकाच्या तीन-तीन प्रती. दाखला घेताना ग्रंथालयाची पुस्तकं परत केल्याची सही, अनामत रक्कम भरली असेल तर तिची पावती, आणि वर्तनाचा दाखला मागून घ्या. मूळ दाखला कॉलेजात जमा करण्याआधी त्याची रंगीत झेरॉक्स काढून घरी ठेवा.